ऋषिपंचमीचे ताट आणि तळ्याचे पाणी

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत आम्ही दोघी जावांनी मिळून केलेल्या भाषणाचा हा मजकूर. सभेत टोपलीतून आणलेल्या वनस्पती सर्वांना हातात घेऊन पाहता आल्या. इथे ते शक्य नाही, म्हणून त्यांची वर्णने थोडी वाढवली आहेत.)



गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. आदल्या दिवशीच्या मोदकांच्या कौतुकात या दिवसाकडे जरा दुर्लक्षच होते. पण स्वयंपाकाच्या दृष्टीने पाहिले तर वर्षातले सगळ्यात अवघड ताट याच दिवसाचे. नियम असा, की बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगर लागलेल्या शेतातले धान्य नाही, मोटेच्या पाण्यावरची भाजी नाही, आणि काही घरांत तर तेलसुद्धा नाही, कारण पूर्वी घाण्याला बैल जुंपलेला असे. मग खायचे काय? जे आपोआप उगवते ते. परसातले, बांधावरचे, रानातले आणि पाण्यातले.

या शेवटच्या शब्दावर, म्हणजे पाण्यातल्या अन्नावर, आज आम्ही बोलणार आहोत. आमच्यातल्या एकीने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि दुसरीने घरचे स्वयंपाकघर सांभाळले. त्यामुळे झाडाचे नाव एकीकडून आणि फोडणीचे प्रमाण दुसरीकडून, असे आमचे चालते. आज दोन्ही एकत्र ऐका.

कोकणातल्या घरांत ऋषिपंचमीला देवभात शिजतो. तळ्याच्या कडेला, दलदलीत आपोआप येणारे हे जंगली भात. कोणी पेरत नाही, म्हणून ते देवाचे. आपले पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर इकडे आले. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. फौजेबरोबर बायका आल्या, बायकांबरोबर व्रते आली. देवभात मात्र आला नाही. नारळ नाही, कोकम नाही, देवभात नाही. मग पहिल्या ऋषिपंचमीला त्या बायकांनी काय केले असेल?

आमच्या सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंकडून ऐकलेली गोष्ट अशी. इकडच्या बायका हरछठ करतात. त्यांच्या पंचांगात ती भाद्रपद वद्य षष्ठीला येते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे तोच दिवस आपल्याकडे श्रावण वद्य षष्ठी असतो. म्हणजे ऋषिपंचमीच्या साधारण पंधरवडाभर आधी. नियम जवळजवळ आपलाच, नांगर लागलेले काही खायचे नाही. त्या दिवशी त्या पसईचा भात करतात, म्हशीचे दही घेतात, महुआची फुले घेतात. शेजारणीच्या ताटात तो लालसर भात पाहून आमच्या कुठल्यातरी पणजीने विचारले, “हा कुठे उगवतो?” शेजारीण म्हणाली, “तळ्यात. आपोआप.” त्या दिवसापासून आमच्या घरात ऋषिपंचमीला पसई आली. नाव बदलले, गाव बदलले, ताट तसेच राहिले.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. परक्या मुलखातले पाणवठ्याचे अन्न पुस्तकातून कळत नाही. ते तिथल्या माणसाला विचारावे लागते. आपल्या पूर्वजांनी विचारले, म्हणून आपले व्रत टिकले.

आता एकेक वनस्पती पाहू.

पहिली अर्थात पसई. काही जण पसही म्हणतात, पूर्वेकडे तिन्नी म्हणतात, संस्कृतात नीवार. कालिदासाच्या शाकुंतलात राजा दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचे ज्या खुणांवरून कळते, त्यांत झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. ऋषींचे अन्न ते हेच. लोंबी आपल्या भातासारखीच, पण दाण्याला लांब, खरखरीत कुसळ असते. दाणा पिकला की लगेच गळून पाण्यात पडतो. शेतकऱ्याच्या भातात आणि जंगली भातात मोठा फरक हाच. माणसाने हजारो वर्षे न गळणारे दाणे निवडून पेरले, तेव्हा शेतातले भात तयार झाले. नीवाराला कोणी निवडले नाही, तो अजून गळतोच. म्हणून तो विळ्याने कापून चालत नाही. पिकण्याच्या थोडे आधी लोंब्या एकत्र बांधून ठेवतात, किंवा पाण्यातून जाताना टोपलीत झटकून घेतात. पाऊस ओसरल्यावर गोळा केलेला हा दाणा पुढच्या वर्षीच्या हरछठीला आणि ऋषिपंचमीला विकायला येतो.

बाजारात पसई घेताना दाणे हातावर घेऊन पाहा. सगळे दाणे एकसारखे, पांढरेशुभ्र आणि चकचकीत दिसले तर ती पसई नव्हे. खऱ्या पसईवर लालसर-तपकिरी कोंडा असतो, आणि थोडे तूस, एखादे कुसळ राहिलेलेच असते. तासभर भिजवा, नेहमीच्या तांदळापेक्षा पाणी जास्त घाला आणि मंद आचेवर वेळ द्या. भात मोकळा होतो, चावायला थोडा घट्ट लागतो. दह्याबरोबर फार छान.

या गवताला कमी समजू नका. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेपुढे एके काळी भातावरच्या ‘ग्रासी स्टंट’ नावाच्या विषाणूरोगाचे संकट उभे होते. हजारो वाण तपासले, पण एकातही त्या रोगाला तोंड देण्याचा पुरेसा गुण सापडला नाही. तो शेवटी सापडला उत्तर प्रदेशातून नेलेल्या नीवारात. त्या गुणाच्या संकरातून तयार झालेला आय. आर. ३६ हा वाण १९७६ मध्ये शेतकऱ्यांना मिळाला आणि पुढे आशियात लाखो एकरांवर गेला. आपण वर्षातून एकदा ज्याचा मूठभर भात करतो, त्या तळ्यातल्या गवताने एवढे मोठे काम केले आहे.

दुसरी नाळीची भाजी. इकडे तिला करेमू किंवा कलमी साग म्हणतात. पाण्यावर किंवा ओल्या चिखलावर पसरणारा वेल, पोकळ देठ, म्हणून नाव नाळी. पाने लांबट, बाणाच्या टोकासारखी. फूल रताळ्याच्या फुलासारखे, पांढरे किंवा फिकट जांभळे. ती रताळ्याचीच बहीण आहे. हिची मुख्य खूण फुलात शोधू नका, पेरात शोधा. वेल उचलून पाहा, प्रत्येक पेराला पांढरी मुळे फुटलेली दिसतील.

ही खूण नीट लक्षात ठेवायचे कारण आहे. तळ्याच्या त्याच काठावर हिची दुसरी एक नातेवाईक उभी असते. तिला सगळे बेशरम म्हणतात. फूल तसेच, नरसाळ्यासारखे, गुलाबी. देठ तिचाही पोकळ, चीक दोघींनाही येतो. पण बेशरम विषारी आहे. शेळ्यांनी ती सतत खाल्ली तर त्यांना कंप सुटतो, तोल जातो, पुढे त्या दगावतात. फरक असा, की बेशरम ताठ उभी राहते, डोक्याएवढी उंच होते, खालचे खोड लाकडासारखे घट्ट होते आणि पाने मोठी, बदामाच्या आकाराची असतात. नाळी लोळते, बेशरम उभी राहते. नुसते फूल पाहून कधी खुडू नका. शंका आली तर त्या दिवशी मेथी करा.

नाळीचे कोवळे शेंडे घ्यावेत, जून देठ नकोत. एरवी लसूण-मिरचीची फोडणी पुरते. ऋषीच्या भाजीत घालायची असेल तर नुसते मीठ, हिरवी मिरची आणि चिंच.

तिसरे अळू. आपण परसात लावतो तेच ओढ्याकाठी आपोआप येते. अळूच्या पानाचा देठ पानाच्या कडेला जुळत नाही, तो पानाच्या आत, खालच्या बाजूने जुळतो. पाणी टाकले तर मोत्यासारखे घरंगळते. शोभेचे जे ‘हत्तीकान’ बागेत लावतात, त्याचा देठ बहुधा पानाच्या खाचेतच मिळतो, ते खाण्याचे नव्हे. आणि खाण्याच्या अळूतही चुन्याच्या सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनीच घसा खाजतो. म्हणून ते भरपूर शिजवायचे आणि चिंच घालायची. आजीने सांगितलेली चिंच नुसत्या चवीपुरती नव्हती.

चौथा शिंगाडा. उपवासाचे पीठ सगळ्यांना माहीत, पण झाड फार थोड्यांनी पाहिलेले असते. पाण्यावर पानांचे गोल फूल तरंगत असल्यासारखे दिसते. पाने चौकटच्या पत्त्यासारखी, कडा दातेरी, आणि देठ मध्येच फुगलेला, त्या फुगीत हवा असते म्हणून वेल तरंगतो. फूल पांढरे, लहान. फळ खाली पाण्यात लोंबते, दोन शिंगांचे. जलपर्णीचे देठही असेच फुगीर असतात, पण तिची पाने पाण्यावर उभी असतात, फूल जांभळे तुऱ्यासारखे, आणि तिला असले फळ कधीच लागत नाही.

शिंगाडा इकडे रानटी फारसा राहिलेला नाही, तळी मक्त्याने घेऊन लावला जातो. ढीमर, केवट, रैकवार समाजातली कुटुंबे आषाढाच्या सुमारास रोपे पाण्यात लावतात, भाद्रपदाअखेर पहिली फळे येऊ लागतात आणि थंडी पडेपर्यंत तोडणी चालते. कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून काटे सांभाळत फळे तोडायची, हे काम सोपे नाही. पुढच्या वेळी भाव करताना हे आठवावे.

एक सूचना आग्रहाने. हिरवा शिंगाडा दाताने सोलू नका, मुलांनाही सोलू देऊ नका. काही भागांत पाणवनस्पतींच्या सालीला आतड्यातल्या एका चपट्या कृमीची पिल्ले चिकटलेली असतात, आणि दाताने सोलताना ती थेट पोटात जातात. धुवून, उकडून, मग सोलून खावा. उकडलेल्या शिंगाड्याची, आले आणि जिरे घातलेली रस्साभाजी थालीपिठाबरोबर करून पाहा. पिठाची कढीही उपवासाला चांगली होते.

पाचवे कमळ. कमलककडीला, म्हणजे भसींड्याला, पुष्कळ जण देठ समजतात. ते देठ नाही, चिखलात आडवे वाढणारे खोड आहे. पावसाळ्यात पाणी खोल असते, त्यामुळे ती खरी हिवाळ्यात मिळते. कमळ आणि कुमुद यांतला घोळही नेहमीचा. कमळाचे पान पाण्याच्या वर उठते, पूर्ण गोल असते, देठ मधोमध असतो. कुमुदाचे पान पाण्यावर पसरते आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमलककडी घेताना दोन्ही टोके बंद असलेली घ्या. टोक उघडे असेल तर आतल्या भोकांत चिखल भरलेला असतो आणि तो कितीही धुतला तरी दाताखाली येतो. कमळगट्ट्यातला हिरवा कोंब कडू असतो, तो काढून टाकायचा. आणि मखाणा हा कमळाचा नाही. तो वेगळ्याच काटेरी पानांच्या पाणवनस्पतीचा आहे, मुख्यतः बिहारमधल्या मिथिलेतून येतो.

सहावी चौपत्ती. एका देठावर चार पाने, अगदी अधिक चिन्हासारखी. दिसायला आंबुटीसारखी, पण आंबुटीला तीनच पाने असतात आणि ती आंबट लागते. चौपत्तीला फूल कधीच येत नाही, कारण ती नेचाच्या कुळातली आहे. पूर्वेकडे, विशेषतः बंगालात, तिची भाजी आवडीने खातात. ती नेहमी शिजवूनच खावी, कच्ची नाही. का, ते एका खऱ्या हकिकतीवरून सांगतो.

१८६१ साली ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात बर्क आणि विल्स हे दोन प्रवासी कूपर नावाच्या ओढ्याकाठी अडकले. तिथले यांद्रुवांधा लोक चौपत्तीच्याच एका जातीच्या बीजकोषांचे पीठ करून खात. त्यांनी या प्रवाशांनाही ते खायला दिले. पुढे प्रवाशांनी ते आपापले गोळा करून, आपल्या पद्धतीने करून खायला सुरुवात केली. पोट भरत होते, पण अंगातली शक्ती दिवसेंदिवस जात राहिली आणि दोघेही मरण पावले. त्या वनस्पतीत ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते. यांद्रुवांधांची तयार करण्याची रीत वेगळी होती आणि ती प्रवाशांनी पाळली नाही, हे त्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यांचा तिसरा सोबती किंग त्या लोकांच्या आश्रयाला जाऊन राहिला आणि वाचला. वनस्पती तिघांनीही बरोबर ओळखली होती. तिची रीत त्या दोघांनी शिकून घेतली नाही.

म्हणजे दोन ओळखी झाल्या, झाडाची आणि रीतीची. तिसरी ओळख आम्ही स्वतः चुकून शिकलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऋषिपंचमीच्या सकाळी आम्ही दोघी शहराच्या कडेच्या एका तळ्यावर नाळी आणायला गेलो. अशी सुंदर नाळी आम्ही आधी पाहिली नव्हती. पाने तळहाताएवढी, गर्द हिरवी, देठ रसरशीत. पेराची मुळे पाहिली, पाने पाहिली, सगळे शास्त्रशुद्ध. पिशवी भरून घरी आणली आणि दोनदा धुवून ऋषीच्या भाजीत घातली. काही कोवळे शेंडे कोशिंबिरीत कच्चेच घातले. दुसऱ्या दिवशी घरातली चार माणसे आजारी पडली. सर्वांत धाकट्या नातवाला दवाखान्यात सलाईन लावावे लागले. गौरी आल्या तेव्हा घरात कोणाच्या अंगात उभे राहण्याचे बळ नव्हते.

बरे वाटल्यावर आम्ही पुन्हा त्या तळ्यावर गेलो. ज्या काठावरून भाजी घेतली तिथून सरळ चालत गेलो, तर बेशरमच्या झुडपांआड, दोनशे पावलांवर, वसाहतीचा नाला तळ्यात पडत होता. नाळी इतकी माजली होती ती त्या नाल्यावर. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, पण भाजीची एवढी भरभराट कशावर झाली, हा प्रश्न त्या सकाळी आमच्या मनात आला नाही. आम्ही भाजी बरोबर ओळखली होती. पाणी ओळखले नव्हते.

म्हणून आमचे आताचे नियम सांगतो. आधी तळ्याभोवती पूर्ण चक्कर मारायची, मग भाजीकडे पाहायचे. नाला, कारखाना, गाड्या धुण्याची जागा किंवा फवारणी केलेले शेत, यांचे पाणी तळ्यात येत असेल तर तिथले काही घ्यायचे नाही. पाण्यावर हिरव्या रंगाची साय असेल तरी नाही. पाणी नितळ दिसते म्हणजे ते स्वच्छ आहे, असे समजायचे नाही. तिथे मासे धरणाऱ्या, शिंगाडा लावणाऱ्या माणसाला विचारायचे, की तुम्ही स्वतः इथले खाता का? तो क्षणभर जरी घुटमळला तरी परत फिरायचे. आणि पाण्यातले काहीही कच्चे खायचे नाही.

एक गोष्ट मात्र शिजवूनही जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, कृमी मरतात. शिसे आणि कॅडमियम यांसारखे धातू मात्र उकळून जात नाहीत. पाणवनस्पती हे धातू पाण्यातून आणि चिखलातून ओढून स्वतःत साठवतात. नाळीचा हा गुण तर इतका पक्का, की घाण पाणी साफ करण्यासाठी तिचा उपयोग करून पाहतात. पाणी साफ करणारी नाळी ताटात घ्यायची नसते.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या मंडळाशी संबंधित आहे, म्हणून जरा धीर करून बोलतो.

आमच्याकडे दर वर्षी शिंगाडे घेऊन एक म्हातारी येते. आम्ही तिला अम्मा म्हणतो. तिच्या घरच्यांनी शहराबाहेरचे एक तळे मक्त्याने घेतले आहे. नाळीच्या त्या प्रसंगानंतर आम्ही तिला विचारले, “अम्मा, तुमच्या तळ्यात नाला पडतो का?” ती म्हणाली, “नाला नाही पडत, बाईसाब. तुमचे गणपती पडतात.”

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. ती रागावून बोलली नव्हती. ती स्वतः गणपतीच्या पाया पडते, मिरवणूक तळ्यावर आली की नातवंडांना घेऊन पाहायला उभी राहते. पण हिशेब तिने सरळ सांगितला. अनंत चतुर्दशीला शिंगाड्याला नुकती फळे धरत असतात. रात्री शेकडो माणसे काठाने पाण्यात उतरतात, तेव्हा काठचे वेल पायाखाली जातात. निर्माल्याच्या पिशव्या वेलांवर पडतात. प्लास्टरच्या मूर्ती विरघळत नाहीत, तळाशी बसतात, आणि हिवाळ्यात कमलककडी काढायला उतरलेल्या तिच्या मुलाच्या पायाला कधी हात लागतो, कधी मुकुट. तो बाहेर काढतो, नमस्कार करतो आणि काठावर ठेवतो. मूर्तीचा रंग मात्र तो काढू शकत नाही. तो त्याच चिखलात राहतो जिथे कमलककडी वाढते, आणि ती कमलककडी आपणच विकत घेतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केलेली आहे. पण सूचना कागदावर असतात आणि तळे गावाबाहेर असते. शाडूची मूर्ती आणली म्हणजे सगळे झाले, असेही नाही. एकाच रात्री शंभर शाडूच्या मूर्ती लहान तळ्यात गेल्या तर गाळ साचतोच. शिवाय शाडूवर रासायनिक रंग दिला तर तो रंगही पाण्यातच जातो.

तेव्हा आम्हा दोघींच्या मंडळाला तीन विनंत्या आहेत. पहिली, मंडळाची मूर्ती यंदापासून शाडूची, साध्या मातीच्या रंगाची असावी आणि तिचे विसर्जन मंडळाच्या आवारातच मोठ्या हौदात व्हावे. हौदाची माती पुढे बागेत जाईल. दुसरी, सभासदांनी घरच्या मूर्तीचे विसर्जन घरी बादलीत किंवा टबात करावे. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी हौद आहेच. तिसरी, ऋषिपंचमीला मंडळात एकत्र जेवण करावे आणि पसई थेट तळ्यावर काम करणाऱ्या कुटुंबांकडून, योग्य भावाने घ्यावी. अम्माला आणि तिच्या सुनांना त्या जेवणाला पाहुण्या म्हणून बोलवावे. कोणती पसई खरी, नाळी कोणत्या पाण्यातली घ्यावी, हे त्या आपल्या मुलींना आमच्यापेक्षा चांगले सांगतील.

सभेत काही ज्येष्ठांनी विचारले, की वाहत्या पाण्यात विसर्जनाची परंपरा आहे, तिचे काय? प्रश्न योग्य आहे. आम्ही एवढेच म्हणू, की गणपती आणि ऋषिपंचमी ही एकाच आठवड्यातली, एकाच घरातली परंपरा आहे. एका दिवशी आपण म्हणतो, की जे आपोआप उगवते, कोणाला कष्ट न देता मिळते, तेच आज खायचे. साधारण नऊ दिवसांनी ते जिथे उगवते त्या पाण्यातच आपण रंग आणि प्लास्टर सोडतो. या दोन्हींत काहीतरी एकच धरता येईल. आणि तळ्याचे पाणी काही वाहते नाही. जे त्यात जाते ते त्यातच राहते.

आपल्या पणजीने परक्या गावात शेजारणीला विचारले, “हा कुठे उगवतो?” दोनशे वर्षांनी आपल्या नातीने तोच प्रश्न विचारला, तर तिला दाखवायला तळे शिल्लक असावे, एवढीच आमची इच्छा आहे. नीवार पुन्हा लावायला माणसे मिळत नाहीत. तो आपोआप येतो, पण पाणी असेल तरच.

या वर्षी ऋषिपंचमीला आमच्याकडे पसई आहे, अळू परसातले आहे, आणि नाळी अम्माच्या तळ्याच्या वरच्या काठाची आहे. तिथे आम्ही पूर्ण चक्कर मारून पाहिली आहे. दुपारी साडेबारानंतर कोणीही यावे. दही म्हशीचे असेल.

गणपती बाप्पा मोरया.

(सभेनंतर कार्यकारिणीने आवारात विसर्जनाचा हौद बांधण्यास संमती दिली आहे. मंडळाच्या मूर्तीबाबतचा निर्णय येत्या सर्वसाधारण सभेत होईल. सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे.)